पाळी गेल्यावर खालचा कोरडेपणा आणि आग: इस्ट्रोजेनचं क्रीम निवडायचं कसं, लावायचं कसं

पाळी जाऊन काही वर्षं झाली की खालच्या जागेला कोरडं पडणं, आग होणं, चालताना नुसता कपडा घासला तरी चुरचुरणं, संबंधाच्या वेळी कापल्यासारखं दुखणं हे जवळजवळ निम्म्या बायकांना होतं. अंगातून वाफा निघणं, घाम फुटणं हे बहुतेकींचं काही वर्षांनी आपोआप कमी होतं, हा त्रास मात्र उपचार केला नाही तर वाढत जातो. पाळी गेली की अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे हॉर्मोन कमी पडतं, त्यामुळे हे होतं, आणि याला चांगलं औषध आहे: योनीत लावायचं इस्ट्रोजेन. तरीपण "काही फरक नाही पडला हो" म्हणून अर्धी ट्यूब कपाटात टाकून दिलेल्या बायका मला सतत भेटतात, कारण मी मेडिकलच्या काउंटरवर बसते. नीट विचारलं की कळतं, कुणी दहा दिवसांत बंद केलं, कुणी दर वेळी क्रीम आत सोडायची अख्खी नळी भरून घेतली, कुणी नुसतं बाहेरून चोळलं, आणि एखादीला मुळात इस्ट्रोजेन कमी पडल्याचा त्रासच नव्हता, भलतंच काहीतरी होतं.

म्हणून हा क्रम सविस्तर लिहितेय. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध सुरू करायचं नाही, पण चिठ्ठी आणायला जाण्याआधी आणि आणल्यानंतर जे करायचं ते बरंचसं तुमच्याच हातात असतं.

१. आधी नक्की कुठं त्रास होतोय ते बघा

हे सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि पुढची निवड यावरच ठरते. दार लावून, उजेडात, हातात छोटा आरसा घेऊन बघा. लाजण्यासारखं काही नाही, आपलंच अंग आहे. बाहेरचे मोठे ओठ, आतले पातळ ओठ, योनीचं तोंड, त्याच्या वर लघवीची जागा, खाली गुदद्वाराकडे जाणारी कातडी. बोटानं हळूच दाबून बघा की आग कुठं होते आणि लिहून ठेवा.

इस्ट्रोजेन कमी झाल्याचा त्रास साधारण असा असतो: योनीच्या तोंडाशी कातडी पातळ, फिकट किंवा लालसर, ओलावा नाही, आतले ओठ बारीक झालेले, घासलं की लगेच चीर पडते. बरोबर लघवीला सारखं जावंसं वाटणं, लघवी करताना जळजळ, वर्षातून तीन-चार वेळा युरिन इन्फेक्शन हे पण असू शकतं. बायका याला दोन वेगळे आजार समजतात आणि युरिनसाठी नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्या खात राहतात, पण बऱ्याचदा मूळ एकच असतं.

आता तुमचं इस्ट्रोजेन खरंच कमी झालंय का? सलग १२ महिने पाळी आली नसेल तर हो. पिशवी काढली असेल तर ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर "बीएसओ" लिहिलं असेल तर पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय पण काढलेत, म्हणजे त्याच दिवशी मेनोपॉज आला, वय ३२ असो की ५२. आपल्याकडे तरुणपणी पिशवी काढलेल्या बायका कितीतरी आहेत, बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचं २०१९ मध्ये केवढं गाजलं होतं, आणि अंडाशय ठेवलेत की काढलेत हे खूप जणींना कुणी सांगितलेलंच नसतं. तिशी-पस्तिशीत कोरडेपणा आला म्हणून घाबरून गप्प बसू नका, कार्ड बघा. अंगावर पाजणाऱ्या बाईला पण असा कोरडेपणा येतो, तो पाजणं बंद झालं की जातो.

तपासा: मासिक पाळी नियमित चालू आहे, अंगावर पाजत नाही आणि तरी फक्त खाज आहे, तर हा लेख बहुतेक तुमच्यासाठी नाही. खाजेचं दुसरं कारण शोधायला हवं.

२. जे लावताय ते सगळं दोन आठवडे बंद

आग व्हायला लागली की बाई पहिलं काय करते, तर जास्त स्वच्छ धुते. साबण, इंटिमेट वॉश, डेटॉलचं पाणी, मग टाल्कम पावडर, मग खोबरेल तेल, मग शेजारणीनं दिलेली ट्यूब. पाळी गेल्यावरची कातडी आधीच पातळ असते, ती या सगळ्यानं अजून सोलवटते, आणि मग खरा त्रास कुठला आणि साबणाचा कुठला हे डॉक्टरला पण कळत नाही.

डॉक्टरांची तारीख मिळेपर्यंत एवढंच करा: नुसतं कोमट पाणी, दिवसातून एकदा, आत पाण्याचा फवारा मारायचा नाही, टॉवेलनं घासायचं नाही तर टिपायचं. वॉश, वाइप्स, सेंटवाले पॅन्टीलायनर, हेअर रिमूव्हल क्रीम बंद. सुती चड्डी, साध्या साबणानं धुऊन दोनदा खळबळलेली, कम्फर्ट वगैरे न घालता. लघवी लागून आग होत असेल तर बाहेरून साध्या व्हॅसलिनचा पातळ थर लावा, त्यात वास नसलेलं घ्या.

थांबा: ज्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड, फंगसचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असतं ती "खाजेची ट्यूब" इथे लावू नका. घटकांमध्ये क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन बरोबर अजून दोन नावं दिसली की समजा तीच. दोन दिवस छान वाटतं म्हणून बायका महिनोन्महिने लावतात, कातडी अजून पातळ होते आणि बंद केलं की आग दुप्पट. या ट्यूबा चिठ्ठीशिवाय सर्रास दिल्या जातात याचं मला फार वाईट वाटतं. महिनाभर लावत असाल तर एकदम काही ठरवू नका, डॉक्टरला ट्यूब नेऊन दाखवा.

काही जणींचा निम्मा त्रास या दोन आठवड्यांतच जातो. तसं झालं तर उत्तम, उरलेल्या कोरडेपणासाठी हॉर्मोन नसलेलं व्हजायनल मॉइश्चरायझर, ह्यालुरॉनिक अॅसिडचं वगैरे, आठवड्यातून दोन-तीनदा आणि संबंधाच्या वेळी पाण्यावर आधारलेली जेली एवढ्यावर पण भागू शकतं.

३. ही लक्षणं असतील तर क्रीमचा विचार बाजूला ठेवा

पाळी बंद झाल्यावर लाल डाग, अगदी एकदाच, अगदी फिकट गुलाबी जरी दिसला तरी आधी तपासणी. डॉक्टर सोनोग्राफीत पिशवीच्या अस्तराची जाडी बघतात, ४ मिलिमीटरपर्यंत असेल तर सहसा काळजी नसते, जास्त असेल तर पुढची तपासणी. कोरडेपणामुळे पण डाग लागू शकतो, पण ते डॉक्टरनं ठरवायचं, आपण नाही.

पांढरी, चकचकीत, सुरकुतलेली कातडी, रात्री झोपू न देणारी खाज, ओठ एकमेकांना चिकटल्यासारखे: हा लायकेन स्क्लेरोसस असू शकतो. त्यावर इस्ट्रोजेनचा उपयोग होत नाही, त्याला डॉक्टरच्या देखरेखीखाली जोरदार स्टेरॉइडचं मलम लागतं, आणि उपचार नाही केले तर फार थोड्या जणींमध्ये का होईना पुढे कॅन्सरचा धोका असतो. खूप जणी याला कोड समजून लपवतात. कोडाची कातडी पांढरी होते पण मऊच राहते आणि सहसा खाजत नाही, हा फरक लक्षात ठेवा.

दह्यासारखं पांढरं जात असेल आणि खाज असेल तर फंगस. मधुमेह असलेल्या बायकांनी तर आपली शुगरची गोळी बघावी: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात, त्यामुळे खाली फंगस होणं हे ठरलेलं साइड इफेक्ट आहे. गोळी मनानं बंद करू नका, पण डॉक्टरला नाव सांगा. जखम जी भरत नाही, गाठ, काळा डाग हे पण आधी दाखवायचं.

ब्रेस्ट कॅन्सर झालेला असेल तर आधी हॉर्मोन नसलेले उपाय, आणि त्यानं भागलं नाही तर कॅन्सरच्या डॉक्टरशी बोलूनच पुढे. लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल चालू असेल तर हे जास्तच जपून, कारण त्या गोळ्यांचं कामच शरीरातलं इस्ट्रोजेन जवळपास शून्य करणं हे आहे. पिशवीचा कॅन्सर, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊन गेली असेल तर तेही आधी सांगा.

४. डॉक्टरकडे जाताना

तपासणीच्या आदल्या दिवसापासून खाली काही लावू नका. बरोबर न्यायचं: डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची यादी, गेल्या दोन-तीन महिन्यांत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या झाल्या असतील तरी. बोलायला जड जातं म्हणून खूप जणी "थोडी खाज आहे" एवढंच सांगून येतात आणि तपासणी न होताच फंगसची गोळी घेऊन परत. त्यापेक्षा कागदावर लिहून न्या आणि पुढ्यात ठेवा: पाळी कधी गेली, आग कुठे, संबंधाच्या वेळी दुखतं का, लघवीचा त्रास आहे का. तपासणी करा म्हणून स्वतःहून सांगा. लेडी डॉक्टर हव्या असतील तर तसं विचारा, सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत पण विचारता येतं.

चिठ्ठी हातात आली की उठण्याआधी चार गोष्टी तिच्यावर लिहून घ्या. किती ग्रॅम, आत की बाहेर की दोन्हीकडे, रोज किती दिवस, आणि नंतर आठवड्यातून किती वेळा. नुसतं "एल/ए" म्हणजे लावायला असं लिहिलेली चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईला मी परत फोन करून विचारायला लावते.

५. आता निवड: क्रीम, गोळी की रिंग

औषध काम तिघांत सारखंच करतं, कातडी जाड आणि ओली होते, आतलं आम्ल परत वाढतं. ठरवायचं ते त्रास कुठे आहे आणि तुमचे हात काय करू शकतात यावरून.

आग बाहेर, योनीच्या तोंडाशी किंवा लघवीच्या जागेपाशी असेल तर क्रीमच बरं, कारण ते बोटानं नेमकं तिथे लावता येतं आणि थोडं आत पण सोडता येतं. आपल्याकडे जास्त करून मिळतं ते इस्ट्रिऑलचं क्रीम, १ ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम, इव्हॅलॉन नावानं बऱ्याच जणींनी पाहिलं असेल. इस्ट्रिऑल हे सौम्य इस्ट्रोजेन आहे. दुसरं कॉन्ज्युगेटेड इस्ट्रोजेनचं क्रीम, १ ग्रॅममध्ये ०.६२५ मिलिग्रॅम, प्रीमॅरिन वगैरे. हे पण चांगलं काम करतं, पण जास्त मात्रेत घेतलं तर रक्तात जास्त जातं, म्हणून मोजून घेण्याला इथे जास्तच महत्त्व. माझं मत विचाराल तर बाहेरची आग हाच मुख्य त्रास असलेल्या बाईनं डॉक्टरांना आधी इस्ट्रिऑलबद्दल विचारावं.

आत कोरडं, संबंधाच्या वेळी आत दुखतं, पण बाहेर फारसं काही नाही, आणि क्रीमचा चिकटपणा सहन होत नाही, अशा बाईला योनीत ठेवायची इस्ट्राडायॉलची (हा इस्ट्रोजेनचाच आणखी एक प्रकार) १० मायक्रोग्रॅमची छोटी गोळी सोयीची. मात्रा ठरलेली, सांडत नाही. पण बाहेरच्या आगीवर ती क्रीमएवढी पोचत नाही, आणि सगळ्या गावांत मिळेलच असं नाही, मागवावी लागते.

तीन महिने आत राहणारी रिंग पण असते, ती जास्त करून परदेशात वापरतात. हात संधिवातानं वाकडे झालेत किंवा विसरायला होतं अशांना ती बरी पडते. तिकडे राहणाऱ्या मुली आईसाठी औषध पाठवतात म्हणून सांगते, अमेरिकेतलं इस्ट्राडायॉल क्रीम आणि आपल्याकडचं इस्ट्रिऑल क्रीम यांचे ग्रॅम एकमेकांना लागू नाहीत. एकीची मात्रा बघून दुसरं घेऊ नका. ब्रिटनमध्ये २०२२ पासून ५० वर्षांवरच्या बायकांना १० मायक्रोग्रॅमची गोळी फार्मसिस्टशी बोलून चिठ्ठीशिवाय मिळते, पण ती आणली तरी वर सांगितलेला तिसरा टप्पा चुकवायचा नाही.

तपासा, हे फार महत्त्वाचं: इस्ट्रोजेनची एक जेल पण मिळते, ती दंडाला किंवा मांडीला चोळायची असते, अंगातून वाफा निघणं कमी व्हावं म्हणून. तिच्यात अल्कोहोल असतं, खाली लावली तर भयंकर आग होईल, आणि ती सगळ्या शरीरात जाते, पिशवी असेल तर तिच्याबरोबर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन पण द्यावं लागतं. खोक्यावर "व्हजायनल" शब्द आहे ना ते बघा. कमी मात्रेच्या योनीतल्या क्रीमबरोबर मात्र सहसा प्रोजेस्टेरॉन लागत नाही.

६. आतला कागद वाचून घाबरून परत करण्याआधी

खोक्यातल्या घडीच्या कागदावर हार्ट अटॅक, स्ट्रोक, कॅन्सर असं सगळं छापलेलं असतं आणि ते वाचून बायका दुसऱ्या दिवशी ट्यूब परत करायला येतात. तो इशारा मुख्यतः तोंडानं घ्यायच्या हॉर्मोनच्या गोळ्यांच्या २००२ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासावरून आलाय. कमी मात्रेत योनीत लावलेलं औषध रक्तात फारच थोडं जातं. अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं नोव्हेंबर २०२५ मध्ये मेनोपॉजच्या हॉर्मोन औषधांवरचे हे चौकटीतले इशारे बरेचसे काढून टाकायची घोषणा पण केली. कागदात तुमचा स्वतःचा एखादा आजार लिहिलेला दिसला तर डॉक्टरला फोन करा, नुसती भीती वाटते म्हणून बंद करू नका.

७. लावायची पद्धत

रात्री झोपताना. दिवसा लावलं तर चालताना बाहेर येतं आणि मग "सगळं वाया जातं" असं वाटतं.

लघवी करून या, हात साबणानं धुवा. नळी ट्यूबच्या तोंडावर फिरवून बसवा आणि ट्यूब हळू दाबा, डॉक्टरनं सांगितलेल्या खुणेपर्यंतच. बहुतेकींना अर्धा ग्रॅम सांगितलेला असतो, तो नळीत अगदी थोडासा दिसतो. नळी मोठी आहे म्हणजे पूर्ण भरायची असं नाही! मला सर्वात जास्त दिसणारी चूक हीच. नळी नसेल किंवा घालताना दुखत असेल तर तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत क्रीमची एक रेघ, ती साधारण अर्धा ग्रॅम होते, बोटानंच आत लावता येतं, फक्त डॉक्टरला तसं विचारून घ्या.

पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. नळी सरळ वर ढकलायची नाही, कमरेच्या दिशेनं, थोडी मागे झुकवून, जेवढी सहज जाते तेवढीच. दट्ट्या दाबा. मग बोटाच्या टोकाला लागेल एवढं क्रीम घेऊन योनीच्या तोंडाभोवती, आतल्या ओठांच्या आतल्या बाजूला आणि लघवीच्या जागेच्या खाली हलक्या हातानं लावा. केस असतात त्या मोठ्या ओठांवर थापायची गरज नाही. नळीचा दट्ट्या बाहेर काढून कोमट साबणाच्या पाण्यानं धुवा, उकळू नका. हात परत धुवा, घरात लहान मूल असेल तर नक्कीच.

थांबा: संबंधाच्या आधी जेलीसारखं म्हणून हे क्रीम वापरायचं नाही, ते नवऱ्याच्या कातडीतून त्याच्या शरीरात जातं. त्या वेळेला वेगळी जेली घ्या. कंडोम वापरत असाल तर तेलकट काहीही, खोबरेल तेलसुद्धा, लेटेक्स कमजोर करतं, आणि काही इस्ट्रोजेन क्रीम पण करतात.

८. पहिले बारा आठवडे

साधारण पद्धत अशी की पहिले दोन ते तीन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोन रात्री. तुमच्या चिठ्ठीवर वेगळं असेल तर तेच करा. दोन रात्री ठरवून टाका, सोमवार-गुरुवार म्हणा, आणि मोबाईलवर अलार्म लावा. एखादी रात्र चुकली तर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट नको. ट्यूब उघडल्याची तारीख खोक्यावर लिहा.

पहिल्या आठवड्यात लावल्यावर थोडी चुरचुर होते कारण कातडी सोललेली असते. दहा-बारा दिवसांनी पण लावलं की आगच होत असेल तर क्रीमच्या बेसमधलं काहीतरी तुम्हाला सोसत नसेल, डॉक्टरला सांगून इस्ट्रोजेनचाच दुसरा प्रकार घ्या, औषधच सोडू नका. दोन-तीन आठवड्यांत ओलावा जाणवायला लागतो, संबंधाचं दुखणं जायला आठ ते बारा आठवडे लागतात. इथेच बहुतेक जणी दहाव्या दिवशी हार मानतात.

मध्येच दह्यासारखं जाऊन खाज सुटली तर फंगस झालं असेल, इस्ट्रोजेन परत मिळालं की ते होऊ शकतं, दाखवून त्याचं औषध घ्या. स्तन दुखायला लागले तर मात्रा जास्त होतेय का विचारा. लाल डाग दिसला तर लावणं थांबवून लगेच दाखवा.

९. बारा आठवड्यांनी

परत आरसा घ्या, पहिल्या कागदाशी ताडून बघा. काहीच फरक नाही असं असेल तर मात्रा वाढवत बसू नका, निदान परत तपासून घ्या. कातडी सुधारली पण संबंधाच्या वेळी अजून आखडतं, दुखतं, असं असेल तर ते खालचे स्नायू आवळल्यामुळे असतं, त्यासाठी पेल्विक फ्लोअरचा फिजिओथेरपिस्ट लागतो, क्रीम नाही.

फरक पडला म्हणून बंद केलं तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कोरडेपणा परत येतो. आठवड्यातून दोनदा असं वर्षानुवर्षं चालू ठेवता येतं, वर्षातून एकदा डॉक्टरला दाखवत राहायचं. वाफांसाठी तोंडानं हॉर्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांना पण खालचा कोरडेपणा राहिला तर हे वेगळं लागू शकतं, तेही विचारून.

आणि हे फक्त पन्नाशीतल्या बायकांसाठी नाही. घरात सत्तर-पंचाहत्तरीची आई किंवा सासूबाई असतील, सारखं युरिन इन्फेक्शन होत असेल, लघवी करताना कण्हत असतील पण सांगत नसतील, तर त्यांच्या डॉक्टरना योनीत लावायच्या इस्ट्रोजेनबद्दल आवर्जून विचारा, या वयात सुरू केलं तरी इन्फेक्शन कमी होतात. हात थरथरत असतील तर तुम्ही लावून द्या: हातमोजा घालायचा, त्यांना कुशीवर झोपवून वरचा पाय थोडा पुढे घ्यायचा, बोटावर पहिल्या पेराएवढी रेघ आणि ती योनीच्या तोंडाशी, जमेल तेवढी आत. डायपर असेल तर आधी बदलायचा, कातडी टिपून कोरडी करायची, आणि लावण्याआधी प्रत्येक वेळी त्यांना विचारायचं, "लावू का आता?"